भाषा आजीकडून नातवाकडे: माओरींनी केलं ते मुळशीच्या कातकरवाडीत होईल का?

पवनाकाठ

न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी बुडत चाललेली आपली भाषा पुन्हा लहान मुलांच्या तोंडी आणली. ते कसं घडलं ते इथे मांडतो. त्यातलं आपल्याकडे, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला मुळशी, मावळ, वेल्ह्यातल्या कातकरवाड्यांवर काय लागू पडेल, हे जाणकारांनी सांगावं.

कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे हे पुण्यात पुष्कळांना ठाऊकच नाही. मराठी-कोकणीच्याच कुळातली आहे. पण वाडीवरची म्हातारी माणसं आपसात बोलू लागली की शेजारच्या गावच्या माणसालाही नीट उलगडत नाही. ज्या वाड्यांवर माझं जाणं-येणं आहे, तिथले तरणे आईबाप मुलांशी मराठीच बोलतात. आजी बोलीत हाक मारते, नातू मराठीत ओ देतो.

आता माओरींचं. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या मुलांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्यात शिकवण्याची भाषा इंग्रजी होती. पुढे तर शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांना मार बसायचा. एवढं होऊनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाषा टिकली, कारण बहुतेक माओरी गावाकडे आपल्याच माणसांत राहत होते. शाळा सुटली की भाषा परत सुरू. खरा घाव बसला दुसऱ्या महायुद्धानंतर. कामधंद्यासाठी लोक शहरांत आले, आणि सरकारी घरं देताना माओरी कुटुंबांना एकेक करून गोऱ्यांच्या वस्तीत विखरून बसवण्याचं धोरण होतं. शेजारी बोलायला कुणी नाही, आजी-आजोबा गावाकडे. १९७० च्या दशकात रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी पाहणी केली, तेव्हा लहान मुलांशी माओरी बोलणारी घरं फारच थोडी उरल्याचं दिसलं.

१४ सप्टेंबर १९७२ रोजी तरुण माओरींनी संसदेत अर्ज दिला: शाळांत आमची भाषा शिकवा. त्यावर ३०,००० हून अधिक सह्या होत्या. त्यातून थोडे तास मिळाले. पण आठवड्याला काही तास विषय म्हणून शिकून कुणी घरात ती भाषा बोलू लागत नाही, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या लवकर लक्षात आलं. मग १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं. पाच वर्षांच्या आतली मुलं. त्यांना सांभाळायला भाषा येणाऱ्या आज्या आणि आजोबा. खाणं, झोपणं, भांडणं, गाणं, सगळं माओरीत. दाराच्या आत दुसरी भाषा नाही. कारभार आईबापांच्या आणि आप्तांच्या हातात. जागा म्हणजे समाजमंदिर, चर्चची खोली, कुणाचं गॅरेज. १९९३ च्या सुमारास अशी ८०० हून अधिक घरटी होती आणि त्यांत १४,००० हून अधिक मुलं.

ही मुलं पाच वर्षांची झाली आणि पुढे शाळाच नव्हती. तेव्हा पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडला माओरी माध्यमाची पहिली शाळा काढली. मान्यता मागाहून मिळाली. १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी वस्तीने केलं, मग कायदा आला.

आपल्या वाड्यांवर याची सुरुवात कुठून व्हावी?

रोकठोक

माहिती आवडली, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. मी अहिराणी बोलणाऱ्या घरातला. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा बोलीवरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्या मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी घरात प्रमाण मराठीच ठेवली. त्यांचं काही अडलं नाही.

कातकरी समाजापुढे जातीचा दाखला, राहत्या घराची जागा, मुलांची शाळा आणि पोट हे प्रश्न आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, ते उगाच नाही. अशा मुलाला आधी मराठी आणि इंग्रजी पक्की येऊ द्या. बोली जपण्याचं ओझं सर्वांत गरीब लेकराच्या पाठीवर का टाकायचं?

शाळामास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, बरीच वर्षं मुळशीत काढली. रोकठोक, तुमची कळकळ पोचली, पण वर्गात काय घडतं ते सांगतो.

गडचिरोलीत गोंडी मूल पहिलीत आलं की गुरुजींना निदान एवढं माहीत असतं की याला मराठी येत नाही, शिकवावी लागेल. कातकरी मुलाचं तसं होत नाही. त्याची बोली मराठीच्या इतकी जवळची की तो वेगळी भाषा बोलतोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तो 'चुकीचं मराठी' बोलतो असं सगळे धरून चालतात. दोन-चार वेळा दुरुस्त केलं की मूल गप्प होतं. मग त्याला मंद ठरवतात. माझ्या शाळेत घरी चुरूचुरू बोलणारी पोरं वर्षवर्ष वर्गात तोंड उघडत नसत.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेच्या ३५०क अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांसाठी म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही 'शक्य तितकं मातृभाषेतून' असं आहे. प्रत्यक्षात त्या 'शक्य तितकं' मध्येच सगळं अडकून पडतं.

एका वर्षी मी वाडीवरच्या एका आजींना शनिवारी वर्गात बोलावू लागलो. त्या बोलीत गोष्ट सांगायच्या, पोरं तीच मला मराठीत सांगायची. मला समजत नव्हतं आणि त्यांना समजत होतं, एवढ्याने वर्गाचं वारंच फिरलं. त्या वर्षीची मुलं मराठी वाचायला लवकर लागली. बोलीमुळे मराठी मागे पडते हे माझ्या अनुभवात तरी खरं नाही.

वेलिंग्टनकर

मूळचा कोथरूडचा, आता वेलिंग्टनजवळ हट खोऱ्यात राहतो. वायनुइओमाता आमच्या डोंगराच्या पलीकडे. पवनाकाठ यांनी चढती बाजू मांडली, पुढचीही सांगायला हवी.

१९९३ नंतर कोहांगांची संख्या घसरत गेली, आता साडेचारशेच्या आसपास आहे. कारणं अनेक. १९९० मध्ये हा कारभार शिक्षण मंत्रालयाकडे गेला, तशी तपासण्या, फॉर्म, शिक्षिकेची पदवी हे सगळं आलं. ज्या आज्यांच्या जोरावर घरटी उभी राहिली त्यांच्याकडे पदवी कुठून असणार? आणि त्या पिढीतली माणसं वृद्धापकाळाने गेली. भाषा पोटात घेऊन जन्मलेली माणसं कमी आणि शिकून बोलणारी जास्त, असं आता चित्र आहे.

दुसरी गोष्ट. मूल दिवसभर माओरी बोलतं आणि घरी आलं की आईशी इंग्रजी, कारण आईला येत नाही. जोशुआ फिशमन या भाषाशास्त्रज्ञाने हेच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की घरात एक पिढी दुसरीशी बोलत नसेल तर शाळेने भाषा तगत नाही. म्हणून इथे मोठ्यांच्या वर्गांवर भर आला. नोकरी करणारे बाप रात्री शिकतात आणि घरी फक्त जेवणाच्या टेबलावर माओरी असा नियम करतात. २००४ पासून माओरी टीव्ही वाहिनी आहे. २०२३ च्या जनगणनेत सुमारे २ लाख १३ हजार लोकांनी माओरी बोलता येतं असं नोंदवलं. पन्नास लाखांच्या देशात हा आकडा लहान वाटेल, पण आमच्या कार्यालयात पंचविशीतली मुलं सभेची सुरुवात माओरीत करतात आणि कुणी वळून बघत नाही.

रोकठोक, ओझ्याचं म्हणालात. इथल्या ज्या तरुणांना मी ओळखतो, त्यांच्या मनात भाषा न मिळाल्याचा सल फार खोल आहे.

सिंहगडरोड

वाचतेय. हवाईतही असंच झालं ना?

वेलिंग्टनकर

हो, माओरींकडूनच घेतलं त्यांनी. १८९६ च्या कायद्याने हवाईयन माध्यम शाळांतून गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाषा बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही नव्हती. १९८४ मध्ये कवाई बेटावर 'पूनाना लेओ' हे पहिलं घरटं सुरू झालं आणि १९८६ मध्ये पालकांच्या रेट्यामुळे कायदा बदलला.

धानोऱ्याचा

मी गोंड. धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलोय. खोलीवर आम्ही तिघं आहोत, आपसात गोंडीच बोलतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत, म्हणजे संख्या कमी नाही. पण आम्ही महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत वाटले गेलो, आणि प्रत्येक राज्याच्या शाळेची भाषा वेगळी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत संथाळी आणि बोडो २००३ मध्ये गेल्या, गोंडी अजून बाहेर. लिपीसुद्धा एकच नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. मोबाईलवर आपली अक्षरं बघताना ऊर भरून येतो, पण माझ्या गावात आजही कुणाशी बोलायचं तर तोंडानेच.

आमच्या तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. मुलांना गोंडी येते, तर शिकणं गोंडीतून, सोबत मराठी आणि इंग्रजी, इतकं साधं. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पवनाकाठ यांनी लिहिलंय की माओरी शाळेला मान्यता मागाहून मिळाली. ते वाचून मला मोहगावच आठवलं.

पण एक नीट समजून घ्या. मोहगावला हे सुचलं आणि जमलं, कारण त्या भागात ग्रामसभा जिवंत आहेत. मेंढा-लेखा आमच्याच तालुक्यातलं. वनहक्क कायद्याखाली गावाच्या ताब्यात जंगल आलं, बांबू विकला, गावाकडे स्वतःचा पैसा आला, बैठका गोंडीत होऊ लागल्या. ज्या बैठकीत पैशाचा आणि जंगलाचा निर्णय होतो ती बैठक ज्या भाषेत चालते, ती भाषा पोरं आपोआप शिकतात. मुळशीच्या कातकऱ्यांकडे असा कोणता निर्णय आहे, जो ते स्वतः घेतात?

शब्दवेध

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी. धानोऱ्याचा यांच्या शेवटच्या प्रश्नापुढे माझं म्हणणं लहान आहे, तरी लिहिते.

बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे लोक आहेत, सुमारे दोन हजार. ही भाषा जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. कोरकूतून, द्राविडी भाषांतून, मराठी-हिंदीतून तिने भरपूर घेतलं आहे, पण गाभा वेगळा. त्यावर अभ्यास कमी झालेला नाही. कायपर यांचा ग्रंथ १९६२ चा. आपल्या डेक्कन कॉलेजातले के. एस. नागराज यांचं व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रहासकटचं पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानने छापलं. तरी निहाली मुलांच्या रोजच्या जगण्यात त्या पुस्तकांनी फरक पडलेला नाही, आणि ते काम भाषाशास्त्रज्ञाचं नव्हेच. वर जनगणना १०,००० पेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं वेगळी छापत नाही. त्यामुळे सरकारदरबारी निहाली कुठे दिसतच नाही.

नोंदी कराव्यात, जरूर कराव्यात. बोलणारा शेवटचा माणूस गेल्यावर नोंदीला पर्याय नसतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या सर्वेक्षणातून मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणं महाजालावर आली आहेत, तीही ऐका. फक्त नोंद झाली म्हणजे भाषा वाचली असं समजू नका.

डोंगरवाट

दोन दिवस धागा वाचतेय. मी कातकरी. माहेर मुळशीत, नर्सिंग करून पुण्यात एका दवाखान्यात कामाला आहे. इथे सगळ्यांनी आमच्याविषयी चांगल्या मनाने लिहिलंय. आता मला लिहू द्या.

आमच्या आईबापांनी बोली का सोडली ते आधी ऐका. बाजारात आमची बोली ऐकली की दुकानदार हात मालावर ठेवतो. शेतात काही चोरीला गेलं की पहिली चौकशी आमच्या वाडीवर. बोलीवरून ओळख पटते, म्हणून पोरांना ती लागूच द्यायची नाही, असं माझ्या आईने ठरवलं होतं. मला ती आजीने दिली, आईला न सांगता. रोकठोक दादा, तुमच्या मुलांचं काही अडलं नाही हे खरं असेल. माझ्या धाकट्या भावाला बोली येत नाही आणि आजीच्या शेवटच्या आजारपणात ती काय मागतेय ते त्याला कळत नव्हतं. मीच मधे उभी राहून सांगत होते.

धानोऱ्याच्या दादांनी विचारलं, आम्ही कोणता निर्णय घेतो. बहुतेक वाड्या ज्या जमिनीवर आहेत ती दुसऱ्याच्या नावावर. पूर्वी आमची माणसं खैराचा कात पाडायची, त्यावरूनच आमचं नाव. जंगल खात्याकडे गेलं, तो धंदा बसला. मग कोळसा, मग वीटभट्टी. दिवाळी झाली की मालकाची उचल घेऊन अख्खं बिऱ्हाड भट्टीवर जातं ते पाऊस तोंडावर येईस्तोवर.

इथे कुणी लिहिली नाही अशी गोष्ट सांगते. आमची बोली आज सर्वांत जास्त कुठे बोलली जात असेल तर भट्टीवर. गावात आम्ही मूठभर, आजूबाजूला मराठी माणसं. भट्टीवर चार-पाच वाड्यांची कातकरी कुटुंबं एका जागी, दिवसरात्र. तिथे कुणी हसत नाही. भट्टीवर मोठी झालेली पोरं बोली चांगली बोलतात आणि त्यांचीच शाळा बुडते. जी पोरं शाळेसाठी मागे आश्रमशाळेत राहिली, त्यांची शाळा झाली पण बोली गेली. एक घ्या नाहीतर दुसरं, असं आमच्यासमोर ठेवलंय.

आणि बोली म्हणजे नुसतं बोलणं नाही हो. पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी उगवते. तिची खाज मारायला काकडाची फळं घालावी लागतात, नाहीतर घसा सुजतो. कडूकंद उकडून वाहत्या पाण्यात किती ठेवायचा, खेकडा कुठल्या बिळात असतो आणि कुठल्यात साप, हे आजी हात धरून दाखवायची आणि सांगायची बोलीत. आता ओढ्याच्या वरच्या अंगाला कुंपणं आली, बंगले झाले. जिथे जायचंच नाही तिथलं पोराला काय सांगणार?

म्हणून मला पुस्तक नको, संमेलन नको, स्टेजवर आमच्या बायकांचा नाच तर नकोच. भट्टीवर पोरांची जागा हवी आणि तिथे बसायला आमचीच म्हातारी.

शाळामास्तर

ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

भट्टीवरच्या शाळेची कल्पना हवेतली नाही. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या गेल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं झोपडं, त्यातच वर्ग. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालल्या तशाच. पण त्या सगळ्या मराठीतून. तिथे बोलीतून सांभाळणारी आजी बसवली तर ते पवनाकाठ म्हणतात ते घरटंच झालं. कोयता किंवा विटेचा साचा घेऊन रानोमाळ जाणाऱ्या घरांना एका जागची शाळा पुरी पडत नाही, हे आम्ही मास्तर मंडळी कायम विसरतो.

रोकठोक

डोंगरवाट ताई, आजींचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझी आई धुळ्याला असते, माझी मुलं तिच्याशी फोनवर जेमतेम बोलतात. मी त्याचं कारण मोबाईल समजत होतो.

मुख्य मुद्दा मात्र सोडत नाही: पोटाला धक्का लागता कामा नये. जी आजी पोरांजवळ बसेल तिचा भट्टीवरचा रोज बुडणार. तो रोज आधी ठरवा. चांगल्या कामात गरिबाने फुकट राबायचं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

वेलिंग्टनकर

अगदी. कोहांगांत सुरुवातीला आज्यांनी जवळजवळ फुकटच काम केलं आणि त्याबद्दल इथल्या लोकांना आजही वाईट वाटतं.

पवनाकाठ

केंद्राची पंतप्रधान जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ती कातकऱ्यांसारख्या जमातींसाठीच. घरं, रस्ते, पाणी, वीज यांच्याबरोबर अंगणवाड्याही त्यात आहेत. वाडीवर नवी अंगणवाडी मंजूर होताना सेविका नाही तर निदान मदतनीस बोली बोलणारी असावी, एवढी मागणी ग्रामपंचायतीकडून ठराव करून पाठवता येईल. मानधन मिळेल आणि पोरांना दिवसभर बोली कानावर पडेल. पण ही झाली वाडीची सोय. भट्टीचं डोंगरवाट ताईंनी सांगावं.

शब्दवेध

मी आणि वर्गातल्या दोघी यायला तयार आहोत. ध्वनिमुद्रण करून देऊ, लिहून देऊ. आमचा शोधनिबंध हा त्यामागचा हेतू नाही.

डोंगरवाट

या. पण ध्वनिमुद्रण आमच्या पोरांच्या मोबाईलवर होईल, तुम्ही फक्त शिकवा. काय ठेवायचं आणि काय बाहेर द्यायचं ते वाडीवरची म्हातारी माणसं ठरवतील. काही गाणी मयताची आहेत, ती कुठेही जाणार नाहीत. शोधनिबंध लिहा हवं तर, मला त्याचं वावडं नाही, छापण्याआधी वाडीवर वाचून दाखवा म्हणजे झालं.

भट्टीचं असं. हिंजवडीच्या पलीकडे एका भट्टीवर माझी मावशी दरवर्षी जाते. मालकाला पोरं विटांच्या आडवी आली नाहीत तर बरंच वाटेल, तो जागा देईल असं ती म्हणते. मावशीची सासू पोरांजवळ बसायला तयार आहे, तिला आता विटा वाहवत नाहीत. तिचा रोज, सावलीला ताडपत्री, पिण्याचं पाणी आणि दुपारची खिचडी एवढं लागेल. पहिल्या वर्षी शिकवायचं काही नाही, फक्त पोरांना आजीजवळ बसू द्यायचं. शाळामास्तर सर, ही पोरं पटावर हजर धरली जावीत, नाव शाळेतून कमी होऊ नये, यासाठी कुणाला अर्ज करायचा ते तुम्ही बघा.

शाळामास्तर

हंगामी स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्र असतं, मूल ज्या शाळेतून निघतं तिथून द्यायचं आणि भट्टीजवळच्या शाळेत दाखवायचं. वाडीची यादी मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मुख्याध्यापकांशी मी बोलतो. दिवाळीआधी पत्रं हातात पडायला हवीत, बिऱ्हाडं निघाल्यावर कुणी सापडत नाही.

धानोऱ्याचा

रविवारी अभ्यासिकेला सुट्टी असते. ताडपत्री बांधायला आम्ही तिघं येतो. जमलं तर पोरांना गोंडीतलं एखादं गाणंही शिकवू, आजींची हरकत नसेल तर.

डोंगरवाट

आजीला विचारते. ती आधी तुम्हाला आमचं शिकवेल.